पहिल्या फेरीतून घरी

३२ संघ, बाद पद्धत, ३१ सामने. शालेय फुटबॉल स्पर्धेचा ड्रॉ भिंतीवर चिकटवला की किती आटोपशीर दिसतो! डावीकडे शाळांच्या नावांची लांबलचक रांग, उजवीकडे सरकत सरकत निमुळती होत गेलेली, शेवटी एक रिकामी चौकट. पण पहिली फेरी संपताच १६ संघ घरी गेलेले असतात, हे त्या कागदावर डोळ्यांत भरत नाही. एका संघात १८ मुलं धरा. ५७६ मुलांपैकी २८८ जणांचा मोसम एका सामन्यात संपला. त्यातही प्रत्येक संघात सातजण राखीव. त्यांच्यापैकी बहुतेकांचा मोसम सुरूच झाला नाही.

स्पर्धा छान झाली असं आपण कधी म्हणतो? फायनलला गर्दी झाली, करंडक मोठा होता, पाहुणे वजनदार आले, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो छापून आला, की झाली छान. मोठ्यांच्या स्पर्धेला ही मापं लावायला माझी हरकत नाही. मुलांच्या स्पर्धेला मात्र मी एकच माप लावीन: जो संघ सगळ्यात आधी हरला त्यातल्या मुलांना किती मिनिटं खेळायला मिळालं? आपल्याकडच्या बऱ्याच शालेय स्पर्धा या मापावर नापास होतात. आणि त्याचं कारण पैसा नाही, हे मला दाखवायचं आहे.

आधी त्या हरणाऱ्या संघाचा दिवस कसा जातो ते बघू. ऑगस्ट महिना. तालुक्याच्या गावातली शाळा, पहाटेची एसटी. पीटीच्या सरांच्या एका हातात जर्सींची बॅग, दुसऱ्या हातात बोनाफाईड आणि आधारच्या झेरॉक्सची फाइल. सामना नऊचा म्हणून आठला हजर. मैदानावर रात्रभर पाऊस पडलेला, फक्की मारलेल्या रेघा वाहून गेलेल्या, गोलपोस्टसमोर पिंढरीपर्यंत चिखल. उद्घाटन व्हायचं असतं, कारण पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमात अडकलेत. मुलं किट घालून ओळीत उभी. साडेअकराला नारळ फुटतो, मग शाल-श्रीफळ, मग भाषण. तोवर सकाळी खाल्लेल्या पोह्यांचा कुठे पत्ता नाही. दीड वाजता सामना सुरू होतो, आणि वेळापत्रक कोलमडलं म्हणून पंचाला आतून निरोप येतो, 'वीस-वीस मिनिटांचेच घ्या.' मध्यांतरात चारपाच मुलं पायातले स्टड काढून राखीव मुलांना देतात, कारण सगळ्यांकडे ते नसतात. चाळीस मिनिटांत दोन गोल खाऊन संघ बाहेर. वडापाव, आणि परतीची एसटी. पुढची स्पर्धा पुढच्या ऑगस्टमध्ये. तोवर यातली निम्मी मुलं वयोगटातून बाहेर गेलेली असतील.

यात कुणी खलनायक नाही. क्रीडा कार्यालयाला ठरलेल्या तारखेच्या आत विभागाकडे एका संघाचं नाव पाठवायचं असतं. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी ही उतरंड आहे आणि वरची तारीख खालच्याला हलवता येत नाही. मध्ये घटक चाचणी आहे, गणपती आहेत, सहामाही आहे. एकच मैदान, तेही मागून घेतलेलं. स्पर्धा चालवणारे शिक्षक शाळेतले तास सांभाळून आलेले. अशा वेळी ३१ सामन्यांत निकाल देणारी पद्धत कुणीही उचलेल.

पण जरा हिशेब करू. ३१ सामने, प्रत्येकी ६० मिनिटं: मैदान ३१ तास लागतं. आता हेच ३२ संघ चारचारच्या आठ गटांत टाका. गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, म्हणजेच गटसाखळी. एका गटात सहा सामने, प्रत्येक ३० मिनिटांचा. आठ गटांचे ४८ सामने, म्हणजे २४ तास. आठ गटविजेत्यांमध्ये बाद फेरी खेळवा, सात सामने, पूर्ण ६० मिनिटांचे: सात तास. बेरीज किती? ३१ तास.

तितकंच मैदान, तितकाच खेळ. फरक वाटपाचा आहे. बाद पद्धतीत निम्म्या संघांना ६० मिनिटं मिळत होती, आता शेवटच्या संघालाही ९० मिळतात, आणि तीसुद्धा तीन वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. शिवाय गट एका दिवसात उरकतो. सकाळी एक गट, दुपारी एक, म्हणजे चार दिवसांत आठ गट. तालुक्याच्या संघाला एकदाच यायचं आहे. एसटीचं भाडं तेवढंच, खेळ दीडपट. पहिला सामना हरल्यावर दुसऱ्यात काहीतरी बदलून बघायची संधी मिळते, आणि फुटबॉल शिकणं म्हणतात ते बहुतांशी यातच असतं.

अडचणी आहेत, नाही असं नाही. सामने ३१ ऐवजी ५५ होतात, म्हणजे संघ आत-बाहेर करण्यात वेळ जातो. चार संघांच्या गटात चांगल्यात चांगली मांडणी केली तरी दुसऱ्या-तिसऱ्या आणि चौथ्या-पाचव्या सामन्यात कुणाला तरी सलग उतरावं लागतं. तिथे पंधरा मिनिटांची विश्रांती ठेवावीच लागेल. गट साधारण चार तास घेईल. उद्घाटनाला अडीच तास देऊ शकणारं वेळापत्रक यालाही जागा देऊ शकतं. पंचांवर ताण येतो हेही खरं, पण ३० मिनिटांच्या सामन्यांत दोघातिघांना आलटून पालटून उभं करणं तासाभराच्या सामन्यांपेक्षा सोपं जातं.

'बाद पद्धतीमुळे मुलं कणखर होतात,' असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. होतात की. जिंकणारी होतात, कारण त्यांना दुसरा, तिसरा, चौथा सामना मिळतो. दडपणाखाली खेळायची सवय लागायला आधी खेळावं लागतं. हरणाऱ्या मुलाला एका सामन्यातून कणखरपणा कसा यावा?

आणि ही काही परदेशी फॅशन नाही. आपल्याच शालेय स्पर्धांमध्ये बुद्धिबळ स्विस लीगने खेळवलं जातं. पहिला डाव हरलेला पोरगा दुसऱ्या फेरीत पुन्हा पटावर बसतो, आपल्यासारख्याच हरलेल्याशी खेळतो, शेवटच्या फेरीपर्यंत टिकतो. तिथे कुणाला हे विचित्र वाटत नाही. उलट बुद्धिबळात बाद पद्धत आणा, पालक मोर्चा घेऊन येतील. मोठ्यांच्या फुटबॉलमध्येही वारं तिकडेच आहे. २०२४-२५च्या मोसमापासून युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये ३६ संघ आणि पहिल्या टप्प्यात प्रत्येकाला आठ सामने आहेत. ते जाहिराती आणि प्रक्षेपणासाठी आहे, मान्य. पण कोट्यवधींच्या करारांवर खेळणाऱ्यांना आठ सामन्यांची हमी आणि कुडाळच्या किंवा किनवटच्या पोराला एकाची, हे उफराटं नाही का?

स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७५पासून दर उन्हाळ्यात गोथिया कप भरतो. जगभरातून दीड हजारांहून जास्त संघ येतात. तिथला एक स्थानिक क्लब, बीके हेकन, तो चालवतो. सुट्टीतल्या शाळांचे वर्ग रिकामे असतात, तिथे गाद्या टाकून मुलं झोपतात, म्हणजे फार ऐशोआराम आहे असंही नाही. तिथे आधी गटसाखळी होते. मग वरचे संघ 'अ' बाद फेरीत जातात आणि उरलेले 'ब' बाद फेरीत. गटातले सगळे सामने हरलेल्या संघालाही निदान एक सामना आणखी मिळतो, तोही आपल्या ताकदीच्या संघाशी. पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीची मुलं २०२३ला तिथून करंडक घेऊन आली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. स्पर्धेची रचना मात्र कुणी उचलून आणली नाही.

लहान वयोगटात तर अकराजणांचा हट्टच कशाला? इंग्लंडच्या संघटनेने २०१२मध्ये ठरवून टाकलं की सात-आठ वर्षांखालच्यांनी पाच-पाच, नऊ-दहाखालच्यांनी सात-सात, अकरा-बाराखालच्यांनी नऊ-नऊ खेळायचं आणि अकराचा सामना त्यानंतर. जर्मनीने २०२४-२५पासून अकरा वर्षांखालच्या मुलांसाठी छोटी मैदानं सक्तीची केली आणि त्यातल्या सगळ्यात लहानांचे गुणतक्ते काढून टाकले. शेजारी शेजारी छोटी मैदानं आखायची, जिंकलेला संघ एक मैदान वर, हरलेला एक मैदान खाली. घरी कुणीच जात नाही. आपल्याकडे अखिल भारतीय फुटबॉल महासंघानेही २०१८मध्ये छोट्यांसाठी बेबी लीग आणली, ती याच विचाराने. पण शाळेच्या मैदानावर आजही बारा वर्षांचा गोलकीपर आठ फूट उंच आणि आठ यार्ड रुंद गोलपोस्टखाली उभा असतो. त्याच्या डोक्यावरून चेंडू जातो आणि आपण त्याला 'जागा चुकली' म्हणतो. खेळाचे नियम इथे आडवे येत नाहीत. कुमारांसाठी मैदान, गोल, चेंडू, सामन्याचा वेळ सगळं लहान करायची मुभा नियमावलीतच आहे. महासंघाची संमती असेल तर बदली करून बाहेर काढलेल्या मुलाला पुन्हा आत घ्यायचीही आहे. म्हणजे बाकावरच्या त्या सातजणांचा प्रश्न स्थानिक संयोजकाच्या एका ठरावाने सुटतो. नुसतं 'प्रत्येक मुलाने निदान एक सत्र खेळलंच पाहिजे' असं पत्रकात लिहा, बघा काय होतं. काही प्रशिक्षक चिडतील. चिडू देत.

ते का चिडतील हेही समजून घ्यायला हवं, कारण वयचोरीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. शालेय स्पर्धेत वरच्या पातळीवर पोचलं की दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. दोन्ही सोयी चांगल्या हेतूने आल्या. पण एका जिंकलेल्या सामन्यावर इतकं टांगलं की चौदा वर्षांखालील गटात मिशी फुटलेली मुलं दिसणारच. वयाची तपासणी आपल्याकडे कागदावर चालते, आणि कागदाचं काय सांगावं! ज्या राज्यात एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लावून टाकली, तिथे जन्मतारीख ही बरीचशी श्रद्धेची बाब आहे. फिफा २००९पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी मनगटाचा एमआरआय काढते. वाढीच्या वयातलं हाड पूर्ण जुळून आलेलं दिसलं की पोरगा सतराच्या पुढचा असण्याचीच शक्यता जास्त. क्रिकेट मंडळ हाडांच्या एक्स-रेवरून वय काढतं. जिल्हा पातळीवर हे खर्चाने जमणार नाही आणि जमवूही नये. प्रत्येक शाळकरी मुलाला संशयित म्हणून एक्स-रेच्या रांगेत उभं करणं मला पटत नाही.

त्याहून स्वस्त उपाय आहे. पहिलीत नाव घातलं तेव्हाची जनरल रजिस्टरमधली नोंद मागा. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात काढलेला दाखला चालवून घेऊ नका. मुलाची नोंद आठ-नऊ वर्षांचा असतानाच महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत करा. आठव्या वर्षी वय लपवायचा मोह कुणाला होत नाही आणि पुढे ते बदलणंही सोपं नसतं. आणि मुख्य म्हणजे पहिल्या फेरीचं ओझं कमी करा. तीन सामन्यांच्या गटात एक मोठं पोरगं आणून भागत नाही. एका बाद सामन्यात सहज भागतं.

मुलींच्या स्पर्धेबद्दल लिहायला वेगळा लेख हवा. इथे एवढंच: जिल्ह्यात चार संघांची नोंद, त्यातला एक येत नाही, एकाला बाय, म्हणजे न खेळताच पुढची चाल, आणि एक सामना जिंकून, कधी कधी एकही न खेळता, संघ विभागावर. तिथे पहिल्यांदा खऱ्या प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडते आणि आठ-नऊ गोल बसतात. चार संघ असतील तर साखळी खेळवायला कुणाची परवानगी लागते? सहाच सामने तर आहेत. २०२२ला सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाला. त्या नवी मुंबईपासून तासाभराच्या अंतरावर मुलींना कपडे बदलायला खोली नाही म्हणून त्या घरूनच किट घालून येतात.

विश्वचषकावरून आठवलं. २०१७ला सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने 'मिशन वन मिलियन' केलं, एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचं. चेंडू वाटले, फोटो निघाले, उत्साह खरा होता. विश्वचषकाला साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले. तो त्या स्पर्धेचा विक्रम ठरला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या भारतीय संघात होता. पण मला त्या महिन्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना गुवाहाटीला व्हायचा होता. पावसाने मैदान खराब झालं आणि फिफाने दोन दिवस आधी सामना उचलून थेट कोलकात्याला नेला. तिकिटं विकली गेली होती, हॉटेलं ठरली होती, तरी नेला. सतरा वर्षांची मुलं खराब मैदानावर उतरवायची नाहीत, हा निर्णय इतका साधा असू शकतो. आपल्या जिल्ह्याच्या मैदानावर तसंच तळं साचतं, तेव्हा पंच चेंडू टाकून बघतो, चेंडू उसळत नाही, आणि तो म्हणतो, 'चला, वेळ नाही.'

कोलकात्याइतकं दूर कुणी जायला सांगत नाही. शेजारच्या महाविद्यालयाचं मैदान राखीव म्हणून आधीच बोलून ठेवा. हलवता येणारे गोलपोस्ट वाळूच्या पोत्यांनी किंवा खुंट्यांनी पक्के करा. जमिनीला घट्ट बांधल्याशिवाय असे पोस्ट वापरायचे नाहीत असं पहिलाच नियम सांगतो, आणि मुलं त्याला लोंबकळतात हे सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबरच्या उन्हात अर्ध्या सत्रात पाण्यासाठी थांबा. नियम त्यासाठी एक मिनिट देतो आणि उकाडा फार असेल तर अंग गार करायला तीन मिनिटांपर्यंत. वीज कडाडली की मैदान रिकामं करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणाला आत सोडू नका. यातल्या कशालाच प्रायोजक लागत नाही. रुग्णवाहिका फायनलला पाहुण्यांच्या गाडीशेजारी उभी असते. दुखापती मात्र पहिल्या दोन दिवसांत होतात, जेव्हा तयारी नसलेले संघ चिखलात खेळत असतात.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त टोचते. मुंबई-पुण्यात टर्फवर ज्या खासगी स्पर्धा होतात, त्यांच्या जाहिरातीत बहुधा पहिल्या तीन ओळींतच लिहिलेलं असतं, 'प्रत्येक संघाला किमान तीन सामने.' संयोजक काही समाजसेवक नाहीत. त्यांना ठाऊक आहे की हजारो रुपये फी भरून, शनिवारची झोप मोडून आलेला पालक एका सामन्यानंतर परत जाणार नाही, आधी टेबलापाशी येऊन भांडेल. म्हणजे गटसाखळी आपल्याकडे अगदी व्यवस्थित चालते. तिचं वेळापत्रक जमतं, पंच मिळतात, सामने वेळेवर सुरू होतात, पाहुण्यांची वाट कुणी बघत नाही. ही सोय फी भरणाऱ्याला आहे. झेडपीच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलाला, ज्याच्याकडे वर्षभरात दुसरी स्पर्धाच नाही, त्याला आपण बाद पद्धत देतो. भांडायला त्याचा पालक तिथे नसतो. तो कामावर गेलेला असतो.

म्हणून क्रीडा शिक्षकांच्या संघटनेने हा मुद्दा हातात घ्यावा असं मला वाटतं. मैदान वाढवून मागणं, मानधन वाढवून मागणं या मागण्या रास्त आहेत, पण त्या अनेक वर्षं फायलीत पडून राहतात. हा बदल मोसमापूर्वीच्या नियोजन बैठकीत, ड्रॉ काढायच्या आधी, हात वर करून होऊ शकतो. एखाद्या जिल्ह्याने एका वयोगटात करून बघावा. चौदा वर्षांखालील मुलांपासून सुरुवात करा, कारण तिथे गमावण्यासारखं सगळ्यात कमी आहे. विभागाला एकच नाव हवं असतं, ते गटसाखळीतूनही त्याच तारखेला मिळेल. उद्घाटन फायनलच्या दिवशी घ्या. पाहुण्यांना गर्दीही मिळेल. आणि स्पर्धेच्या अहवालात, जिथे विजेता, उपविजेता आणि उत्कृष्ट खेळाडू यांची नावं लिहिता, तिथे एक रकाना वाढवा: सर्वांत कमी सामने खेळलेला संघ, आणि त्याची खेळलेली मिनिटं.